दोन मात्रांची झील

नवनाथ निकाळे हा आमच्या कॉलनीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस, आणि ज्याच्याविषयी सगळ्यात जास्त बोललं जातं असाही तोच. यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या शेजारी बायडाबाई राहते आणि समोर मी राहतो.

आमची घरं सिडकोत, अंबडच्या कारखान्यांपासून सायकलने बारा मिनिटांवर. नवनाथ तिथल्या एका जर्मन कंपनीत ग्राइंडिंगच्या मशीनवर आहे, कंपनी नाशकात आली त्या वर्षापासून. वय छप्पन्न. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा, की फोनवर ‘हॅलो’ म्हणाला तर पलीकडच्याला वाटावं, गच्चीवरची टाकी बोलतेय. एवढा आवाज त्या देहात कुठे ठेवतो, हा प्रश्न मी त्याच्या बायकोला, सुमनबाईंना, एकदा विचारला होता. त्या म्हणाल्या, “पोटात ठेवतात. म्हणून तर जेवण कमी जातं.”

हा आवाज त्याला बापाकडून आला. त्याचे वडील सहादू जलशात होते. जलशात एकटा माणूस पुढे उभा राहून गायचा आणि मागचे दोघे-तिघे त्याची शेवटची ओळ उचलून धरायचे. ते धरणं म्हणजे झील. सहादूबाबा आयुष्यभर झीलकरी. पोराला त्यांनी शिकवलं ते एवढंच : गाणारा थांबला की त्याला दम घ्यायचा असतो. तेवढ्यात त्याचा शेवटचा शब्द आपण उचलायचा. जागा रिकामी पडू द्यायची नाही, त्याला एकटं पाडायचं नाही.

नवनाथने ते इतकं मनावर घेतलं, की वयाच्या सतराव्या वर्षी तो गोटीराम गांगुर्डेच्या गायन पार्टीत मागे उभा राहिला, तो अजून मागेच उभा आहे. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, कुणाचं लग्न असो, गोटीराम पुढे, हात वर करून, डोळे मिटून. नवनाथ मागे, डोळे उघडे, कान गोटीरामच्या श्वासावर. गोटीरामची निम्मी कीर्ती नवनाथच्या छातीवर उभी आहे असं मी म्हणतो. गोटीरामला हे ठाऊक आहे आणि म्हणून तो माझ्याशी फारसं बोलत नाही.

त्या पार्टीच्या तीन कॅसेटी निघाल्या होत्या, कॅसेटींचा जमाना होता तेव्हा. तिन्हींच्या कव्हरवर गोटीरामचा फोटो आणि खाली ‘गायक : गोटीराम गांगुर्डे आणि पार्टी’. पहिली कॅसेट घरी आली तेव्हा सुमनबाई नवी नवरी होत्या. त्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं, आतला कागदही काढून पाहिला. मग नवऱ्याला विचारलं, “अहो, यात तुम्ही कुठं? ‘आणि’त का ‘पार्टी’त?”

नवनाथ हसला. पण ते त्याला लागलं. कसं कळलं म्हणाल तर त्याने कुणाला सांगितलं नाही. सुमनबाईंनी बायडाबाईला सांगितलं, आणि बायडाबाईला सांगणं म्हणजे लाउडस्पीकरवर सांगणं. ध्वनिमुद्रणावर आपलं नाव छापलेलं असावं, एकदा, कुठेही, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती. बंगला नको, गाडी नको. माझ्यासारख्याला ती फार स्वस्त वाटली. तरी छप्पन्न वर्षं पुरी झाली नाही म्हणजे बघा.

तर झालं असं, की कंपनीला नाशकात पंचवीस वर्षं होत आली. आपल्याकडे अशा वेळी स्टीलचा डबा नाहीतर छत्री वाटतात. या जर्मन लोकांचं डोकं वेगळं. त्यांच्या तिकडच्या कारखान्यात कामगारांचाच मोठा वाद्यवृंद आहे. दिवसा गिअर कापतात, संध्याकाळी व्हायोलिन वाजवतात. तो अख्खा वाद्यवृंद इकडे येणार आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कुणा गृहस्थाची सिंफनी वाजवणार. त्या सिंफनीच्या शेवटच्या भागात गाणं असतं. चार मोठे गायक, दोन बाया दोन पुरुष, ते तिकडूनच येणार. आणि त्यांच्यामागे ऐंशी जणांचा गायकवृंद लागतो, तो मात्र नाशिकचा. पन्नास जण नाशिकरोडकडच्या चर्चमधले, सरावाचे. उरलेले तीस कंपनीतून.

कँटीनच्या फळ्यावर नोटीस लागली. गाता येणाऱ्यांनी नावं द्यावीत. नवनाथने ती वाचली आणि तो चहा घ्यायला वळला. मग पुन्हा मागे आला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होईल, त्याची डिस्क निघेल आणि सोबतच्या पुस्तिकेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापलं जाईल.

प्रत्येकाचं. चहा राहिला तिथेच.

शिकवायला रोहिणी मॅडम होत्या. चर्चच्या गायकांना त्याच तयार करतात. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज गोड आणि जीभ धारदार. पहिली शिफ्ट सुटली की कँटीनची टेबलं सरकवून तालीम. कंपनीच्या तीस जणांना त्यांनी एकेकाला उभं करून गायला लावलं. नवनाथने तोंड उघडलं आणि मॅडमनी चष्मा वर केला.

“कुठं होतात इतके दिवस?”

“ग्राइंडिंगला, मॅडम.”

त्याला सगळ्यात खालच्या पट्टीच्या ओळीत, मधोमध उभं केलं. जर्मन शब्द मॅडमनी देवनागरीत लिहून दिले, अर्थासकट. गाणं पहाटेचं होतं. रात्र सरली, डोंगरामागे उजाडलं, अशा धर्तीचं. ‘मॉर्गेन’ म्हणजे सकाळ. सहा महिने आमच्या कॉलनीत रोज संध्याकाळी सकाळ होत होती. नवनाथ गच्चीवर जाऊन ‘मॉर्गेन’ म्हणायचा आणि खाली पत्रे थरथरायचे. बायडाबाई ओरडायची, “ओ भाऊ, लय झाली सकाळ, आता झोपा!” सुमनबाई म्हणायच्या, “मिक्सर बरा. निदान चटणी तरी होते.” पण त्याच सुमनबाई डब्यात भाकरीखाली ओळींची चिठ्ठी ठेवत, जेवताना वाचायला. हे मला त्यांची मुलगी चैताली हिने सांगितलं. आईने सांगू नको म्हटलं होतं म्हणून.

आता पुढचं समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. त्या गाण्यात एक जागा होती. चौघांतला खालच्या पट्टीचा गायक एकटाच एक लांब ओळ गातो, ती ‘मॉर्गेन’वर संपते. मग दोन मात्रा सगळं गप्प. वाद्यंही गप्प. आणि त्या शांततेतून ऐंशी जण हळूच, कुजबुजल्यासारखे सुरू करतात. मॅडमनी प्रत्येकाच्या कागदावर त्या दोन मात्रांभोवती लाल गोल काढला होता आणि बजावलं होतं, “इथं जो श्वाससुद्धा मोठ्यानं घेईल त्याला मी नंदिनी नदीच्या नाल्यात टाकीन.”

सहा महिन्यांत ती जागा एकदाही चुकली नाही. कारण मोठा गायक आलेलाच नव्हता. त्याची ओळ मॅडमच आपल्या बारीक आवाजात गाऊन दाखवायच्या. गायक आला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. उल्रिख त्याचं नाव. साडेसहा फूट, दाढी पांढरी, हाताचे पंजे सुपाएवढे. पण रंगीत तालमीत तोही आवाज राखून, ओठांतल्या ओठांत गायला. त्यांच्यात तशी रीत असते म्हणे, दुसऱ्या दिवसासाठी गळा जपतात. तेव्हा त्याचा खरा आवाज नवनाथने ऐकला तो थेट स्टेजवर.

कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला, एका मोठ्या सभागृहात. आमच्या कॉलनीला पास मिळाले होते. दोन टेम्पो भरून आम्ही गेलो. बाया नव्या पांढऱ्या साड्यांत, गोटीरामही आला होता, कडक इस्त्रीत, चेहऱ्यावर ‘बघू या काय ते’ असे भाव. मी मुद्दाम त्याच्या आणि बायडाबाईच्या मधे बसलो. अशी जागा पैसे देऊन मिळत नाही.

पडदा उघडला तर साठेक गोरे वाजवणारे आणि त्यांच्यामागे पायऱ्यांवर आमचे ऐंशी जण काळ्या कपड्यांत बसलेले. मधोमध नवनाथ. हातात काठी घेतलेले एक साहेब आले, वाकले, वाजवणं सुरू झालं. पहिला भाग संपला. दुसरा संपला. ऐंशी जण बसलेलेच. पाऊण तास झाला तशी बायडाबाई मला म्हणाली, “हे गाणार कधी? का नुसतं शोभेला बसवलंय?”

मी म्हटलं, “तिसऱ्या भागानंतर.”

“इतका वेळ गप बसवायचं होतं तर नवनाथभाऊची सहा महिने तालीम कशाला घेतली? ते तर घरी बी गप बसतात.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी शूऽ केलं. मग खरंच ऐंशी जण एकदम उभे राहिले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. चौघे गायक पुढे आले. दोघी गायल्या, उंच बारीक आवाजाचा तो गायला, आणि मग उल्रिख. काय तो आवाज! जमिनीखालून आल्यासारखा. ओळ लांबत गेली, लांबत गेली, शेवटी ‘मॉर्गेन’वर उतरली. त्याचा दम संपत आलेला कळत होता. छाती खाली बसली. थांबला.

आणि त्या शांततेत, मागून, एकट्या नवनाथने ती उचलली.

“मॉर्गेऽऽन.”

तशीच. बरोबर सुरात. गोटीरामची उचलतो तशी, शेवट किंचित हेलकावा देऊन. दोन मात्रा पुरेपूर भरल्या.

काठीवाल्या साहेबांची काठी हवेत टांगून राहिली. रोहिणी मॅडमनी डोळे मिटले. बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या दोन टेम्पोंना काय माहीत चूक की बरोबर? इतका वेळ ताटकळल्यावर ओळखीचा आवाज आला एकदाचा! सगळी कॉलनी टाळ्या वाजवायला लागली. बायडाबाई उभी राहून म्हणाली, “वाऽ नवनाथभाऊ!” सगळं मुद्रित झालं, कारण माइक छतालाही लावले होते.

गोटीरामने तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाला, “चुकला तो.” मग थोड्या वेळाने, “पण जागा बरोबर होती.”

पुढचं गाणं पार पडलं, शेवटी लोक उभे राहिले, फुलं दिली, सगळं झालं. नवनाथ टेम्पोत बसला तो चेहरा पाडून. घरी जाऊन जेवला नाही. सुमनबाईंना एवढंच म्हणाला, “नाव गेलं.”

डिस्क काढायची तर अशा चुका ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळ्यांना परत बोलावलं, बिघडलेला तुकडा पुन्हा मुद्रित करायला. तिथे मी नव्हतो. जे सांगतो ते रोहिणी मॅडमकडून, भाजीबाजारात पाऊण तास त्यांची पिशवी धरून ऐकलेलं.

काठीवाले साहेब आले, आणि त्यांनी विचारलं, काल ते कोण होतं? खालच्या पट्टीचे वीस जण, सगळे समोर बघताहेत. नवनाथच्या दोन्ही बाजूंचे कंपनीतलेच, मशीनवरचे दोस्त. कुणी बोललं नसतं. नवनाथने हात वर केला.

“मी, साहेब.”

साहेब काही बोलणार त्याआधी तो दाढीवाला उल्रिखच उठून पायऱ्या चढत त्याच्यापाशी आला. त्याने इंग्रजीत विचारलं, तू हे का केलंस? मॅडमनी मराठी केलं. नवनाथ म्हणाला, “मॅडम, त्यांना सांगा, मुद्दाम नाय केलं. त्यांचा दम संपला ना, ते ऐकलं, अन् तोंडातून निघून गेलं. आमच्यात गाणाऱ्याला असा एकटा सोडत नाहीत.”

मॅडमनी ते सांगितलं, मग झील म्हणजे काय तेही सांगितलं. दाढीवाला ऐकत राहिला. मग म्हणाला, की तो बत्तीस वर्षं ही ओळ गातोय, आणि तिच्या शेवटी दर वेळी त्याला वाटतं की आपण कड्यावरून खाली पडलो. काल पहिल्यांदा कुणीतरी धरलं. आणि हे सांगताना तो मोठ्याने हसला आणि त्याने नवनाथच्या पाठीवर असा पंजा मारला, की मॅडम म्हणतात, नवनाथ एक पायरी खाली गेला.

इथे मधे पडले एचआरचे योगेश साहेब. तरुण, हुशार, हातात दोन फोन. ते म्हणाले, अहो मग पुन्हा मुद्रण कशाला? हेच ठेवू! जर्मन सिंफनी आणि नाशिकची झील! याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार? आणि पुस्तिकेत वर चार गायकांची नावं आहेत ना, त्याखाली पाचवं, मोठ्या अक्षरात : नवनाथ निकाळे. काठीवाल्या साहेबांचं तोंड वाकडं झालं, पण खर्च कंपनीचा होता. उल्रिखने मान डोलावली. त्याची तर काहीच हरकत नव्हती. मॅडम नवनाथला म्हणाल्या, “बघा. तुम्ही म्हणाल तसं.”

छप्पन्न वर्षांचा माणूस. आयुष्यभर ‘आणि पार्टी’. आणि आता चार मोठ्या गायकांच्या रांगेत, त्यांच्याइतक्याच अक्षरांत. तो किती वेळ गप्प राहिला यावर दोन मतं आहेत. मॅडम म्हणतात अर्धा मिनिट. त्याच्या शेजारी उभा असलेला भारत, तो त्याच्याच शिफ्टचा, म्हणतो, पुरी दोन मिनिटं, अन् घाम पुसत होता.

मग नवनाथने विचारलं, “पाचवं नाव लावलं तर ऐंशीतलं राहील का?”

योगेश साहेब म्हणाले, “नाही, तिथून काढून वर घेऊ.”

“मग नको साहेब.”

“अहो, का?”

“दोघा-तिघांनी मिळून धरली तर ती झील. कोण धरतंय ते ऐकणाऱ्याला कळलं, म्हणजे फुटली. काल सगळ्यांना कळलं. ती चूक होती, साहेब. चुकीवर नाव नको. पुन्हा घ्या, मी गप राहतो. अन् नाव इथंच ऐंशीत राहू द्या, तेवढं मात्र काढू नका.”

पुन्हा घेतलं. उल्रिख गायला, पूर्ण आवाजात, थांबला. दोन मात्रा शांतता, अगदी काचेसारखी. भारत सांगतो, त्या दोन मात्रांत नवनाथच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. आवाज मात्र आला तो एकोणऐंशी जणांबरोबर, हळूच, जसा लिहिला होता तसा.

घरी हे कळल्यावर जे झालं ते मी खिडकीतून ऐकलं. ऐकलं म्हणजे ऐकू आलं.

“अहो, पाचवं नाव! मोठ्या अक्षरात! अन् नको म्हणून आले?”

“ऐंशीत आहे ना.”

“ऐंशीत! रेशनच्या यादीत बी असतंय ऐंशीत!”

सुमनबाई चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवनाथला तो फरक कितपत कळला असेल याची मला शंका आहे.

पाच महिन्यांनी जर्मनीहून पाकीट आलं. आत डिस्क आणि पुस्तिका. डिस्क लावायला कॉलनीत एकाकडेही यंत्र नाही. चैतालीने ते सगळं मोबाइलवर शोधून दिलं तेव्हा आम्ही ऐकलं. ऐकायला छान आहे. पण त्यात नवनाथ कोणता ते मला काही सापडलं नाही, आणि ते त्याला सांगितलं तर गडी एवढा खूश झाला, की त्याने मला चहा पाजला.

पुस्तिका मात्र सुमनबाईंनी आधी ताब्यात घेतली. चष्मा लावून, बोट ठेवून, पहिल्या नावापासून. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं, म्हणून एकेक अक्षर जुळवत. आम्ही म्हटलं, अहो, निकाळे आहे, मधे बघा. तर नाही. पहिल्यापासूनच वाचायचं. चर्चमधले पन्नास, कंपनीतले तीस, सगळे मिसळून, आडनावांच्या इंग्रजी क्रमाने लावलेले. त्रेपन्नाव्या नावाशी बोट थांबलं. पदराने ते पान पुसलं, पानावर काही नसताना.

मग म्हणाल्या, “तसं चांगलं छापलंय.”

संध्याकाळी गोटीराम आला. बोलावलं नव्हतं. पुस्तिका मागून घेतली, उभ्याउभ्याच वाचली, चौघांची नावं, ऐंशींची नावं, वाजवणाऱ्यांची नावं. परत देताना म्हणाला, “सगळ्यांची छापली. जागा पुरली म्हणायची.”

“पुरली की,” नवनाथ म्हणाला.

गोटीराम उंबऱ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, चपला कुठे काढल्या तेच आठवेना. चपला त्याच्या पायांत होत्या. मी ही गोष्ट आतापर्यंत अकरा लोकांना सांगितली आहे.

पुस्तिका आता कॉलनीत नाही. सुमनबाई ती घेऊन आधी माहेरी कळवणला गेल्या, तिथे भावांनी वाचली. तिथून त्यांची धाकटी बहीण कलाबाई ती नामपूरला घेऊन गेली. सासरच्यांना दाखवायची होती म्हणे. आमच्या दाजीचं नाव जर्मनीत छापलंय, हे नुसतं सांगून कांद्याच्या बाजारात कोण विश्वास ठेवणार? दोन महिने झाले, परत यायचं नाव नाही. नवनाथ विचारतो, “आणायची का?” तर सुमनबाई म्हणतात, “राहू द्या. अजून जळगाव बाकी आहे.”

हे सगळं लिहायचं म्हणून नाव नक्की कितवं ते तपासायला मी नामपूरला फोन लावला. कलाबाईने मला प्रश्नही पुरता विचारू दिला नाही. ती तिकडच्या अहिराणीत सुरू झाली, ‘शे’ म्हणजे ‘आहे’.

“शे ना भाऊ, शे! त्रेपन्नावं शे, मी सोता मोजेल शे! थांबा, पहिल्यापाईन वाचीसन दाखाडस!”

आणि तिने वाचायला सुरुवात केली. नवनाथ समोरच बसला होता. मी फोन स्पीकरवर टाकला, आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.